बाप्तिस्म्याच्या वह्या आणि वंशाचा शोध

काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रीं जो गेला आहे, त्याला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची ओळख करून द्यावयास नको. गांव आणि आडनांव सांगितलें कीं उपाध्याय एक लांबट चोपडी उघडतो आणि पणजोबांचें, क्वचित् त्यांच्याही आजोबांचें नांव वाचून दाखवितो. ह्या वह्या कोणीं वंशावळीसाठीं म्हणून लिहिल्या नाहींत. हा यजमान आपला, शेजारच्या उपाध्यायाचा नव्हे, एवढें दाखवितां यावें हें त्यांचें प्रयोजन. पण हेतु एक आणि उपयोग दुसराच, असें जुन्या कागदांच्या बाबतींत नेहमींच होतें. अमेरिकेंत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ह्या प्रांतांत ज्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशें वर्षांपूर्वीं येऊन राहिले, त्यांच्या वाट्यालाही अशाच वह्या आल्या आहेत. त्या लिहिल्या गेल्या ख्रिस्ती देवळांत. आणि त्यांचा माग काढतां काढतां वंशशोधक पुष्कळ वेळां जाऊन पोंचतो तो पाद्री तयार करणाऱ्या एका विद्यालयाच्या, म्हणजे सेमिनरीच्या, दप्तरखान्यांत.

न्यूयॉर्क हें शहर मूळचें इंग्रजांचें नव्हे. डच वेस्ट इंडिया कंपनीनें १६२४ पासून ही वसाहत वसविली आणि मॅनहॅटन बेटाच्या टोंकाशीं जें गांव उभें राहिलें त्याला न्यू ॲम्स्टरडॅम हें नांव दिलें. १६२८ सालीं योनास मिखाएलिअस नांवाच्या धर्मोपदेशकानें तेथें डच सुधारलेल्या पंथाची पहिली मंडळी स्थापिली. धर्मोपदेशकाला डच लोक ‘डॉमिनी’ म्हणत. मूल जन्मलें कीं डॉमिनीनें बाप्तिस्मा द्यावा व वहींत नोंद करावी; लग्न ठरलें कीं देवळांत पुकारा व्हावा व त्याचीही नोंद व्हावी, अशी शिस्त होती. जन्ममृत्यूची नोंद ठेवणारी सरकारी कचेरी त्या काळीं नव्हती. मनुष्य जन्मला केव्हां, कोणाच्या पोटीं, हें सांगणारा कागद म्हणजे काय तो डॉमिनीच्या हातचा. पहिल्या अकरा वर्षांच्या वह्या नष्ट झाल्या. आज हातीं लागतात त्या नोंदी १६३९ पासूनच्या आहेत.

१६६४ सालीं इंग्रजांनीं गांव घेतलें आणि त्याचें न्यूयॉर्क केलें. परंतु शरणागतीच्या अटींत डचांना आपल्या धर्माचरणाची मोकळीक मिळाली होती, आणि १६९६ त तिसऱ्या विल्यम राजाची सनदही ह्या मंडळीला मिळाली. न्यूयॉर्कच्या डच देवळांत पहिलें इंग्रजी प्रवचन झालें तें १७६४ सालीं. म्हणजे राज्य जाऊन शंभर वर्षें लोटलीं तरी त्या देवळांत डच भाषाच नांदत होती! कचेरींतली भाषा एका तहानें बदलते. पाळण्याजवळची भाषा बदलावयास चार पिढ्या लागतात. म्हणून ज्याला त्या काळचे पूर्वज शोधावयाचे आहेत, त्याला डच भाषेचीं शंभर-दीडशें शब्द तरी शिकून घ्यावे लागतात.

आतां हीं दप्तरें सेमिनरींत कां जावीं? ह्याचें उत्तर त्या पंथाच्या इतिहासांत आहे. अमेरिकेंतल्या डच मंडळ्या ॲम्स्टरडॅमच्या धर्मसभेच्या हुकमतीखालीं होत्या. तरुणाला धर्मोपदेशक व्हावयाचें तर समुद्र ओलांडून हॉलंडांत जावें, तेथें परीक्षा द्यावी, दीक्षा घ्यावी आणि मग परतावें, असा क्रम होता. त्यांत वेळ आणि पैसा तर जाईच, पण कित्येकदां माणूसही वाटेंत जाई. दीक्षा इकडेच द्यावी असें म्हणणारा एक पक्ष आणि ॲम्स्टरडॅमला चिकटून राहणारा दुसरा, असा मोठा कलह अठराव्या शतकाच्या मध्यास माजला. तो मिटविला जॉन हेन्री लिव्हिंग्स्टन ह्या विद्वान् धर्मोपदेशकानें, १७७१ सालीं. पुढें १७८४ त त्याचीच धर्मशास्त्राचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि त्यांतून सेमिनरी जन्मास आली. १८१० सालीं ती न्यू जर्सींतील न्यू ब्रन्सविक गांवीं गेली, आणि १८७५ त तिच्यासाठीं सेज ग्रंथालयाची इमारत उभी राहिली.

मग जें व्हावयाचें तेंच झालें. खेड्यापाड्यांतले धर्मोपदेशक बहुतेक ह्याच विद्यालयाचे विद्यार्थी. एकादी मंडळी बंद पडली, देऊळ विकलें गेलें, म्हणजे तिच्या वह्या कोठें ठेवावयाच्या? पंथाच्या दप्तरांत. आणि पंथाचें दप्तर सेमिनरीच्या ग्रंथालयांत जमत गेलें. डॉमिनी वारला म्हणजे त्याचीं पत्रें, प्रवचनें, टांचणें घरच्यांनीं तेथेंच पाठविलीं. धर्मसभांचीं इतिवृत्तें तेथें आलीं. जिवंत मंडळ्यांच्या वह्यांच्या नकला व छायाचित्रें आलीं. एक गोष्ट मात्र नीट ध्यानांत ठेविली पाहिजे. सगळ्या मूळ वह्या एका ठिकाणीं नाहींत. न्यूयॉर्कसारख्या जुन्या आणि संपन्न मंडळ्यांनीं आपलें दप्तर आपल्याच ताब्यांत ठेविलें. सेमिनरीचा खरा उपयोग आहे तो नांवनिशाणी न राहिलेल्या मंडळ्यांसाठीं, आणि कोणतें दप्तर कोणाकडे आहे ह्याची माहिती मिळविण्यासाठीं. पंथाचा इतिहासकार एडवर्ड कॉर्विन ह्यानें कोणता डॉमिनी कोणत्या गांवीं कोणत्या वर्षांत होता ह्याची एक जाडजूड यादी तयार करून ठेविली आहे. नवशिका मनुष्य आधीं वही मागतो. जाणता मनुष्य आधीं ही यादी मागतो. कारण पूर्वजाच्या गांवीं त्या वर्षीं डॉमिनीच नसेल, तर मूल दहा कोसांवरच्या दुसऱ्या देवळांत नेलें असलें पाहिजे. आणि वर सांगितलेल्या कलहाच्या दिवसांत तर एकाच गांवांत दोन तट, दोन डॉमिनी आणि दोन वह्या! घराच्या समोरचें देऊळ सोडून बापानें मूल आपल्या पक्षाच्या देवळांत नेलें, आणि शोधक अडीचशें वर्षांनंतर समोरच्याच देवळाची वही चाळून निराश होऊन परततो.

वहींतली नोंद दिसावयास अगदीं रुक्ष असते. तारीख, आईबाप, मुलाचें नांव, आणि शेवटीं साक्षीदार. बाप्तिस्म्याच्या वेळीं जे मुलाचे धर्मपालक म्हणून उभे राहिले ते हे साक्षीदार. आरंभींच्या वर्षांत आईचें नांवसुद्धां बहुधा गाळलेलें असतें. बाप आणि साक्षीदार, झालें. अनभ्यस्त मनुष्य पहिले तीन रकाने उतरून घेतो आणि शेवटचा सोडून देतो. पण वंशाची गुरुकिल्ली त्या शेवटच्या रकान्यांत असते, कारण साक्षीदार म्हणून रस्त्यावरचा माणूस कोणी बोलावीत नसे. आजोबा, आजी, काका, मावशी, आत्या, अशांपैकींच कोणी तरी तेथें उभें राही. आपल्याकडे बारशाला आत्या हवी, जावळाला मामा हवा, त्यांतलाच हा प्रकार. चार भावंडांच्या चार नोंदी शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे बापाकडची आणि आईकडची मंडळी आपोआप निरनिराळी दिसूं लागते.

ह्याची गरज पडते ती नांवांच्या घोटाळ्यामुळें. त्या काळच्या सामान्य डच माणसाला आडनांव नसे. स्वतःचें नांव आणि पुढें बापाचें नांव, एवढ्यावर भागे. यानचा मुलगा यानसेन, पीटरचा मुलगा पीटरसेन. आणि पीटरसेनाच्या मुलाला यान नांव ठेविलें कीं त्याचे मुलगे पुन्हां यानसेन. बाळाजीचा मुलगा बाजीराव बल्लाळ आणि बाजीरावाचा मुलगा बाळाजी बाजीराव, हें ज्याच्या कानांत बसलें आहे त्या मराठी माणसाला ह्यांत नवल वाटूं नये. कोणी गांवाचें नांव लावी. त्याच्या मागें ‘व्हॅन’ हा शब्द येई, आपण जसा पुढें ‘कर’ लावतों तसा. त्यांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचें आणि दुसऱ्याला आईच्या बापाचें नांव ठेवण्याची चाल. मूल दगावलें तर पुढच्या मुलाला तेंच नांव पुन्हां. ह्यामुळें एकाच गांवांत एकाच वेळीं चार-चार यान पीटरसेन सांपडतात आणि शोधकाची मति गुंग होते. तरी पण तीच चाल उपयोगीही पडते: दुसऱ्या मुलाचें नांव पाहून आईच्या बापाचें नांव काय असावें ह्याचा तर्क बांधतां येतो, आणि साक्षीदारांच्या रकान्यांत तो खरा ठरतो कीं नाहीं हें पाहतां येतें.

एका बाबतींत मात्र डच वह्या आपल्याकडच्या कुलवृत्तांतांपेक्षां पुष्कळच उजव्या आहेत. लग्नानंतर डच बाई आपलें माहेरचें नांव टाकीत नसे. ती यानची मुलगी असेल तर मरेपर्यंत ‘यान्स’ हेंच नांव लावी, आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींतही तेंच येई. आपल्याकडे लग्नांत नांवही बदलावयाचें. त्यामुळें कुलवृत्तांतांत पुरुषांची रांग अखंड चालते आणि बायका रमाबाई, लक्ष्मीबाई अशा कोठून आल्या नि कोठें गेल्या ह्याचा पत्ता लागत नाहीं. लग्नाच्या वहींत तर वधूवरांचें जन्मस्थानही लिहिलेलें असतें. वराच्या नांवापुढें अविवाहित तरुण अशा अर्थाचीं दोन अक्षरें, वधूच्या नांवापुढें अविवाहित कन्या अशा अर्थाचीं दोन. कन्या ह्या अर्थाचा डच शब्द ‘डोख्तर’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘दुहितृ’चाच भाऊबंद.

ह्या वह्यांचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग म्हणजे रूझवेल्ट घराण्याचा. १६५० सालीं न्यू ॲम्स्टरडॅमच्या देवळांत क्लास मार्टेन्सन नांवाच्या माणसानें आपल्या मुलाचा बाप्तिस्मा करविला. ‘मार्टेन्सन’ म्हणजे मार्टेनचा मुलगा, एवढेंच. तोच कोठें ‘व्हॅन रोझनव्हेल्ट’, म्हणजे गुलाबांच्या मळ्याकडचा, असा येतो. आणि अनाथांच्या मालमत्तेच्या दप्तरांत त्याला ‘ठेंगणा क्लास’ म्हटलें आहे. एक मनुष्य, तीन नांवें! १६५८ च्या ऑक्टोबरांत त्याच्या निकोलस नांवाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. ह्या निकोलसाच्या योहानेस नांवाच्या मुलापासून जी शाखा निघाली तींत थिओडोर रूझवेल्ट झाले, ते १९०१ ते १९०९ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष होते. आणि याकोबस नांवाच्या मुलाच्या शाखेंत फ्रँकलिन रूझवेल्ट झाले, ते १९३३ पासून १९४५ पर्यंत. फ्रँकलिनची पत्नी एलिनॉर ही थिओडोरची पुतणी. त्यामुळें १९०५ सालीं लागलेल्या त्या लग्नांत नवराबायकोच्या वंशरेषा मागें मागें जात १६५८ च्या त्या एका ओळीपाशीं मिळतात. सगोत्र विवाहाचा विधिनिषेध मानणाऱ्या श्रोत्यांनीं ह्यावर काय म्हणावें तें म्हणोत.

तारखांच्या बाबतींतही सावधपणा हवा. हॉलंड प्रांतानें नवें पंचांग १५८३ सालींच स्वीकारिलें होतें. इंग्रज जुन्याला १७५२ पर्यंत धरून बसले, आणि त्यांचें वर्ष मार्चच्या २५ तारखेला सुरू होई. म्हणून इंग्रजी कागदावर १७०० सालचा फेब्रुवारी असला तर आपल्या हिशेबानें तो १७०१ चा. कित्येक डॉमिनी महिन्याचें नांव पुरतें न लिहितां ‘७ बर’, ‘८ बर’ असें आंकड्यांनीं लिहीत. नवशिके त्याचा अर्थ जुलई आणि ऑगस्ट असा करतात. वस्तुतः ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर. त्या नांवांत आपले सप्त आणि अष्ट दडलेले आहेत हें ज्याला ठाऊक आहे तो फसणार नाहीं.

मृत्यूची नोंद मात्र डच देवळांत फारशी मिळत नाहीं. येथें हिशेबाच्या वह्या कामीं येतात. प्रेतावर घालावयाचें काळें वस्त्र देवळाच्या मालकीचें असे आणि तें भाड्यानें दिलें जाई. कोणाच्या घरीं, कोणत्या दिवशीं, किती भाडें घेतलें, हें गरिबांच्या निधीचा जमाखर्च ठेवणारे सेवक बिनचूक लिहून ठेवीत. ऑल्बनी गांवीं १६८३ पूर्वींच्या बाप्तिस्म्याच्या वह्या नाहींशा झाल्या, पण तेथले हे जमाखर्च १६५२ पासूनचे टिकले आहेत आणि त्यांचें इंग्रजी भाषांतरही झालें आहे. माणसाचा जन्म विसरला गेला, वस्त्राचें भाडें तेवढें राहिलें!

छापील पुस्तकांमुळें शोधाचें काम पुष्कळ सोपें झालें आहे. न्यूयॉर्कच्या मंडळीचीं लग्नें १८९० सालीं छापलीं गेलीं, बाप्तिस्मे १९०१ सालीं. किंग्स्टन गांवच्या १६६० पासूनच्या वह्या १८९१ सालीं. ह्या किंग्स्टनची तर इंग्रज फौजेनें ऑक्टोबर १७७७ मध्यें राखरांगोळी केली होती, वह्या वांचल्या. पण छापील प्रतींत नकलनविसाच्या डोळ्यांचे दोष उतरतात, आणि सूचींत माणूस बापाच्या नांवाखालीं आहे कीं गांवाच्या नांवाखालीं, हें ठरलेलें नसतें. पुष्कळशा मूळ पानांचीं छायाचित्रें आतां घरबसल्या पाहतां येतात. तीं पाहिल्यावांचून कोणताही निष्कर्ष पक्का धरूं नये.

एवढा वेळ ज्यांची कथा सांगितली ते मालक लोक. पण ह्याच वह्यांत दुसरेही कांहीं लोक आहेत, आणि त्यांच्या वंशजांना ह्या वह्यांवांचून दुसरा आधारच नाहीं. कंपनीनें आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम न्यू ॲम्स्टरडॅमांत राबत होते. त्यांपैकीं कित्येकांचीं लग्नें आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे ह्या देवळांत झाले. १६४१ सालच्या लग्नाच्या वहींत अंगोलाचा अँथनी आणि अंगोलाची ल्युसी ह्यांची नोंद आहे: दोघेंही विधुर-विधवा, आणि दोघांच्याही मृत जोडीदारांचीं नांवें दिलेलीं. ज्यांना बाजारांत नग म्हणून मोजलें, त्यांना येथें नांव आहे, नवरा आहे, बायको आहे. १६४४ त कंपनीनें अकरा जणांना मोकळें केलें. पण वार्षिक धान्य आणि एक डुक्कर हा कर त्यांच्यावर लादला, आणि त्यांच्या मुलांवरचा आपला हक्क सोडला नाहीं. बाप मोकळा, मूल गुलाम, असा तो न्याय.

अशा वेळीं साक्षीदारांच्या रकान्याला काय मोल येतें तें डोरोथी अंगोला ह्या बाईच्या गोष्टीवरून कळतें. १६४३ च्या ऑगस्टच्या ३ तारखेला ‘धाकटा अँथनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका काळ्या माणसाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. मुलाचें नांवही अँथनीच. डोरोथी त्या वेळीं साक्षीदार म्हणून उभी राहिली होती. सुमारें चार आठवड्यांत मुलाची आई लुईझ वारली. डोरोथीनें तें तान्हें मूल आपल्या घरीं नेलें आणि कोणाकडूनही एक कवडी न घेतां स्वतःच्या कष्टानें वाढविलें. १६६१ सालीं तिच्या नवऱ्यानें, इमॅन्युएल पीटरसेन ह्यानें, सरकाराकडे अर्ज केला: हा मुलगा स्वतंत्र आईबापांच्या पोटीं जन्मला आहे, आम्हीं त्याला सांभाळला आहे, तरी तो स्वतंत्र आहे असा दाखला मिळावा म्हणजे आमचें जें कांहीं असेल तें त्याला वारशानें घेतां येईल. अर्ज मंजूर झाला. त्या अर्जांत आधार म्हणून काय सांगितलें? बाप्तिस्म्याची तारीख आणि साक्षीदार कोण होतें तें! अठरा वर्षांपूर्वींच्या एका ओळीनें दत्तकपत्राचें काम केलें.

बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गुलाम म्हणून ठेवतां येतें कीं नाहीं, ह्याविषयीं त्या वेळीं लोकांच्या मनांत संशय होता, आणि गुलाम आईबाप त्याच आशेनें मुलें देवळांत आणीत. ही आशा डॉमिनींच्या लक्षांत आली. सोळाशें पन्नासच्या दशकांत काळ्या मुलांच्या नोंदी विरळ होत जवळजवळ थांबतात. हेन्रिकस सेलाइन्स हा डॉमिनी ब्रूकलिन येथें असतां त्यानें जून १६६४ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या धर्मसभेला पत्र लिहून आपण ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीं असें कळविलें. कारण असें दिलें कीं आईबापांना धर्माचें ज्ञान नाहीं, आणि मुलें दास्यांतून सुटावीं एवढाच त्यांचा हेतु आहे. जणूं तो हेतु लाजिरवाणा होता! हाच सेलाइन्स पुढें न्यूयॉर्कला आला आणि १६८६ सालीं त्यानें आपल्या मंडळींतील सभासदांची एक यादी केली. ती रस्त्यांप्रमाणें, घरामागून घर अशी लिहिली आहे. रुंद रस्ता म्हणजे आजचा ब्रॉडवे, तटाच्या भिंतीलगतचा म्हणजे आजचा वॉल स्ट्रीट. वंशशोधकांना एवढी उपयोगी यादी त्या काळांतली दुसरी नाहीं. एकाच हातानें शेंकडों घराण्यांची वाट उजळली आणि दुसऱ्या शेंकडों घराण्यांची वाट बुजविली. पुढें १७०६ त न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें बाप्तिस्म्यानें गुलामी सुटत नाहीं असा कायदाच केला. त्या प्रांतांतली गुलामी पुरती उठली ती १८२७ च्या जुलई महिन्याच्या ४ तारखेला.

ज्यांचे पूर्वज त्या पहिल्या मोकळ्या झालेल्या कुटुंबांतले, त्यांना १६५५ च्या पुढें देवळाची वही सोडून जमिनीच्या दस्तऐवजांकडे वळावें लागतें. मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांना मॅनहॅटन बेटावर गांवाबाहेर शेताचे तुकडे मिळाले होते. त्यांच्या सनदा आहेत, विक्रीचीं खतें आहेत. क्लास इमॅन्युएल्स आणि यान द फ्रीस ह्या दोन काळ्या गृहस्थांनीं तर गोऱ्या डच कुळांबरोबर भागीदारींत उत्तरेकडे टॅपन येथें जमीन घेतली. त्या जमिनीच्या १६८७ च्या सनदेंत त्यांचीं नांवें इतर भागीदारांच्या बरोबरीनें आहेत. टॅपनला १६९४ सालीं मंडळी स्थापन झाली आणि तिची बाप्तिस्म्याची वही त्याच वर्षापासून सुरू होते. तारीख, आईबाप, मूल आणि साक्षीदार, असे तेच चार रकाने त्या वहींतही आहेत.